पहिल्या बर्फासाठी हलके बूट: बेळगाव-खानापूर-निपाणीकडून हिमालयात निघालेल्या नवख्यांसाठी

राजहंसगडावर किंवा जांबोटीच्या रानात पायात काय आहे याने फारसं अडत नाही. सपाट रबरी तळाचे साधे बूट जांभ्यावर छान धरतात आणि आपल्याकडचे कित्येक जण फ्लोटरवर अख्खा दिवस काढतात. ही सवय घेऊन माणूस मनालीला जातो. तिथे पहाटे तीनला, अंधारात, बुटाला क्रॅम्पॉन म्हणजे बर्फात रुतणारे पोलादी काटे बांधायची वेळ येते, आणि मऊ बूट आणला असेल तर तो पहिल्या दहा मिनिटांत दगा देतो.

हलके गिर्यारोहण बूट सोप्या बर्फाळ वाटांसाठी उत्तम असतात. फक्त ते कशासाठी बेतलेले आहेत हे घेण्याआधी कळलं पाहिजे. हा प्रकार युरोपातल्या आल्प्सच्या दिनक्रमावर घडला आहे: पहाटे चारला झोपडीवजा निवासातून निघायचं, दुपारपर्यंत परत यायचं, बूट दाराशी काढून उबदार खोलीत वाळत ठेवायचे. इटलीतलं ग्रान पाराडिसो (४,०६१ मीटर) याच्या नेहमीच्या वाटेवर जुलैत असंच चालतं. हिमालयात तोच बूट पाच-सहा रात्री तंबूत काढतो, संध्याकाळी ओला होतो, पहाटेपर्यंत गोठतो आणि पुन्हा पायात चढतो. पुढे जी काही कुरकुर आणि सावधगिरी येईल ती बहुतेक या एका फरकातून आलेली आहे.

आधी वाट कागदावर

बुटांची चित्रं बघायच्या आधी एका कागदावर चार गोष्टी लिहा. बर्फावर किती तास जाणार? सगळ्यात तीव्र उतार किती अंशांचा? सर्वांत उंच जागा कुठली आणि महिना कोणता? आणि बर्फाच्या कडेला पोचेपर्यंत माती-दगडांतून किती दिवस चालायचं आहे?

उत्तरं वाटेगणिक बदलतात. सोलंगजवळचं पतालसू (साधारण ४,२०० मीटर) जूनअखेरीला चांगल्या ट्रेकिंग बुटांत होतं. स्पितीतलं कानामो ५,९६४ मीटर उंच आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याची वाट बहुतेक सुट्या दगडांची. तिथे जरा कडक तळाचा, घोटा धरणारा बूट लागतो, क्रॅम्पॉनची गरज पडलीच तर थोडी. फ्रेंडशिप पीक त्याहून बुटकं, ५,२८९ मीटर, तरी मे-जूनमध्ये तिथे बर्फाच्या उतारावर कित्येक तास काटे लावून चालावं लागतं. नुसत्या उंचीवरून बूट ठरत नाही तो असा. हलक्या कडक बुटाची खरी जागा फ्रेंडशिपसारखी वाट.

लडाखमधलं कांग यात्से-२ मात्र ६,२०० मीटरच्या वर जातं आणि शिखराची चाल मध्यरात्री सुरू होते. चढण सोपी आहे म्हणून हलक्या एकेरी बुटात जाणारे असतात. त्यातल्या काहींची बोटं हिमदंशाने काळी होतात. तिथे आतला बूट वेगळा निघणारा दुहेरी बूटच हवा, आणि तो या लेखाचा विषय नाही.

ज्यांनी अजून बर्फावर पाऊलच टाकलेलं नाही आणि जे उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत किंवा मनालीच्या संस्थेत प्राथमिक कोर्सला निघालेत, त्यांनी आत्ता काही विकत घेऊ नये. बर्फाचे बूट तिथे संस्थेकडून मिळतात. कोर्स संपेपर्यंत आपल्या पायाच्या खोडी आपल्याला कळतात, आणि मग केलेली खरेदी फुकट जात नाही.

तळ किती कडक?

बुटांची आणि क्रॅम्पॉनची एक साधी जोडपद्धत आहे. ब्रिटनमध्ये ती रूढ झाली आणि आता जवळपास सगळीकडे समजते.

बी-० म्हणजे मऊ ट्रेकिंग बूट. याला क्रॅम्पॉन लावूच नयेत.

बी-१ म्हणजे कडकसर तळ, थोडा वाकणारा. याला सी-१ क्रॅम्पॉन, म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे प्लास्टिकची कड आणि पट्टे असलेले. मधूनमधून लागणाऱ्या, सौम्य उताराच्या बर्फासाठी.

बी-२ म्हणजे जोर लावला तरच जरासा वाकणारा तळ आणि टाचेमागे स्पष्ट खाच. याला सी-२, म्हणजे पुढे प्लास्टिकची कड आणि मागे खाचेत बसणारी खटक्याची पट्टी. सी-१ सुद्धा चालतात.

बी-३ म्हणजे अजिबात न वाकणारा तळ, पुढेही खाच, मागेही. याला सी-१ ते सी-३ हे तिन्ही प्रकार बसतात, पण हे उभ्या बर्फाचं सामान. सोप्या वाटेवर पाच तास चालायला नको वाटतं.

सोप्या बर्फाळ वाटेसाठी नवख्याने बघायचा तो बी-२ मधला हलका वर्ग. जोडीचं वजन साधारण १.१ ते १.५ किलो. कागदावरची वाट कानामोसारखी असेल तर बी-१ पुरे.

तळ मऊ असला की नेमकं काय बिघडतं? क्रॅम्पॉन पोलादी, न वाकणारा. बूट प्रत्येक पावलाला वाकतो, टाच वर ओढतो, आणि कधीतरी काटे निसटतात किंवा मधली जोडपट्टी वाकून वाकून तुटते. हे नेहमी उतारावरच घडतं, कारण भार तिथेच पडतो. दुसरा त्रास पोटऱ्यांचा. पुढच्या काट्यांवर उभं राहायची वेळ आली की कडक तळ भार स्वतः घेतो; मऊ तळात तो भार पोटरी घेते आणि वीस मिनिटांत ती थरथरायला लागते.

दुकानात तीन चाचण्या करा. बूट हातात धरून चवड्यापाशी वाकवा: बी-२ सहज वाकता कामा नये. मग टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात धरून ओला टॉवेल पिळतात तसा पिळा: पिळला गेला तर आडव्या उतारावर तो कडेवर उभा राहणार नाही. तिसरी चाचणी बूट घालून: जिन्याच्या पायरीवर फक्त पुढचे दोन-अडीच सेंटिमीटर टेकवून उभे राहा, आधाराला कठडा धरा. टाच झपकन खाली गेली तर बूट मऊ आहे, विक्रेता काहीही म्हणो.

आणखी एक फसवी गोष्ट. काही बुटांना टाचेमागे खाच असते, पण तळ वाकतो. खाच दिसली म्हणजे बी-२ झाला असं नाही. आधी पिळा, मग खाच बघा.

वजनाचा हिशेब

पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा चार ते सहा पट महाग पडतं, असं साधारण धरतात. हिशेब आपणच करून बघावा. जुन्या धाटणीचा जाड चामडी बूट जोडीला दोन किलो. हलका १.५ किलो. फरक पायामागे २५० ग्रॅम. शिखराच्या दिवशी प्रत्येक पाय दहा हजार वेळा उचलला तर एकेका पायाने अडीच हजार किलो जास्त उचलले. हवा विरळ, झोप अर्धवट, तेव्हा हा फरक कळतो.

पण वजन कुठून कमी केलं तेही बघावं: पातळ वरचं कापड, उथळ खाचांचा तळ, थंडी अडवणारं अस्तर कमी. म्हणजे १५० ग्रॅम वाचवले ते ऊब आणि टिकाऊपणा विकून. १.१ किलोची जोडी आल्प्सच्या उन्हाळ्यात झकास. हिमालयात पहिल्यांदाच जाणाऱ्याने १.३ ते १.५ किलोच्या आसपास राहावं असं आमचं मत.

वरचा भाग, पटकन

चामडं असेल तर जाड आणि एकसंध, शिवणी कमीत कमी. शिवण जितकी कमी तितक्या पाणी शिरायच्या जागा कमी. कृत्रिम कापड हलकं, लवकर वाळणारं, पण धारदार दगडांवर आधी फाटतं. म्हणून बुटाच्या खालच्या बाजूने सगळीकडे फिरणारा रबरी पट्टा हवाच. तो फक्त नाकाशी असेल तर सुट्या दगडांच्या उतारावर कडेचं कापड एका मोसमात जातं.

आतला जलरोधक पडदा, गोअर-टेक्स किंवा तसा दुसरा, घ्यावाच. बर्फ वितळून येणारं पाणी तो अडवतो. मात्र घामाची वाफ बाहेर जायला आत ऊबदार-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असं अंतर लागतं. जुलैत टिळकवाडीत तो बूट घालून फिरलात तर आत-बाहेर सारखीच दमट हवा, पाय घामाने चिंब होणारच. ‘पडदा गळतो’ म्हणून बूट परत करू नका. गळतो की नाही ते बघायचं तर बादलीत घोट्याखालपर्यंत पाणी घेऊन दहा मिनिटं उभे राहा.

तळाचं रबर बहुतेक वेळा व्हायब्रम या कंपनीचं असतं. त्यांचा पहिला रबरी तळ १९३७ चा. पिवळा अष्टकोन दिसला की बूट चांगला असं समजू नये. तोच शिक्का मऊ ट्रेकिंग बुटांवरही असतो.

माप: इथे घाई नको

नव्वद टक्के रडगाणी मापाची असतात म्हटलं तरी चालेल, मोजलेलं कुणीच नाही. अथणी-निपाणीकडचा जुना चप्पल कारागीर पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवतो, तेच करायचं.

संध्याकाळी मापा, कारण दिवसभरात पाय सुजतो. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. ज्या मोज्यांत चढणार तेच मोजे घाला. टाच भिंतीला, पूर्ण भार पायावर, आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. काहींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा तेच धरा. मग चवड्याची सर्वांत रुंद जागा दोन्ही बाजूंनी खूण करून मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप घ्या. ही लांबी मिलिमीटरमध्ये लिहिली की झालं मोंडोपॉइंट. कंपन्यांच्या तक्त्यांत हाच आकडा शोधायचा.

युरोपीय आकड्यांत एका नंबराचा फरक ६.६७ मिलिमीटर, अर्ध्या नंबराचा ३.३३. ब्रिटिश आकड्यांत एका नंबराचा ८.४७. म्हणून ‘मी आठ नंबर घालतो’ हे वाक्य इथे निरुपयोगी. एका कंपनीचा ४२ बसतो त्याच पायाला दुसऱ्या कंपनीचा ४३ लागू शकतो.

बोटांपुढे मोकळी जागा १० ते १२ मिलिमीटर हवी. बघायची रीत: नाड्या पूर्ण सैल करा, पाय पुढे ढकलून बोटं नाकाला टेकवा, आता टाचेमागे तर्जनी सरकली पाहिजे. घट्ट सरकली तर बरोबर. दोन बोटं गेली तर मोठा. एकही गेलं नाही तर तो बूट तिथेच ठेवा. लहान बुटाची किंमत उतरताना मोजावी लागते: बोटं दर पावलाला नाकावर आदळतात, दुसऱ्या दिवशी नख काळं पडतं, महिन्याभरात गळतं.

रुंदी हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. लहानपणापासून अनवाणी आणि चपलेत वाढलेला पाय चवड्याला पसरट असतो, बोटं मोकळी. इटालियन साचे बहुतेक निमुळते. लांबी बरोबर असूनही करंगळीच्या सांध्यावर दाब आला तर पुढचा नंबर घ्यायचा मोह होतो. तो टाळा: पुढच्या नंबरात रुंदी थोडीच वाढते, टाच मात्र हलायला लागते आणि फोड येतात. त्याऐवजी त्याच नंबराचा रुंद साचा मागा. काही कंपन्या तो वेगळा बनवतात. काहींचा साचाच मुळात रुंद असतो. आतला सुटा तळ काढून त्यावर उभं राहून बघा: पाय दोन्ही बाजूंनी कडेबाहेर ओसंडत असेल तर तो साचा तुमच्यासाठी नाही.

‘वापरून सैल होईल’ हे अर्धसत्य आहे. चामडं रुंदीत जरासं सैल होतं. लांबीत होत नाही. कृत्रिम कापड कशातच होत नाही.

दुकानात, किंवा घरपोच आल्यावर

या वर्गातले बूट बेळगावात हातात घेऊन बघायला मिळणं कठीण. बेंगळुरू, पुणे किंवा मुंबईची एक फेरी करावी. चांगल्या आयात जोडीला युरोपात २५० ते ४०० युरो पडतात, इथे त्यावर कर आणि वाहतूक, तेव्हा एका फेरीचा खर्च त्यापुढे काही नाही. घरपोच मागवायचे असतील तर परत घेण्याची मुदत आधी वाचा, दोन लागोपाठचे नंबर मागवा आणि घरात सतरंजीवरच वापरा. तळाला माती लागली की परतीचा विषय संपला.

घातल्यावर टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा, मग नाड्या खालून वर आवळत या. घोट्याच्या वळणावर नाडीला एकाऐवजी दोन पीळ द्या, म्हणजे खालचा ताण तिथेच अडकतो आणि वरचा वेगळा ठेवता येतो. चढताना वरचा भाग जरा सैल, उतरताना घट्ट.

नाड्या बांधून झाल्यावर दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींना भिडल्या तर बुटात पोकळी जास्त आहे. नाडी अजून आवळायला जागा राहिलेली नाही. मग जिना चढा. टाच तीन-चार मिलिमीटर उचलली तर चालेल, कडक तळात तेवढं होतंच. त्याहून जास्त म्हणजे फोड. मग उतार: दुकानात फळी किंवा घसरण असेल तर त्यावर, नसेल तर पायरीवर चवडे खाली करून उभे राहा. बोटं नाकाला टेकता कामा नयेत. एवढं झाल्यावर दीड-दोन तास बूट पायातच ठेवा. पाच मिनिटांत आवडलेला बूट तासाभराने घोट्याच्या हाडावर बोचतो, असं बरेचदा होतं.

काटे जुळवून घ्या, नुसते घेऊ नका

क्रॅम्पॉन बुटासोबत जुळवायचे असतात. प्रत्येक बुटाच्या तळाला वेगळा बाक असतो, डाव्या-उजव्याचा आकार वेगळा असतो. भाड्याने घेणार असाल तरी बूट दुकानात घेऊन जा.

लांबी अशी ठेवा की मागची खटक्याची पट्टी न लावताही क्रॅम्पॉन बुटाला चिकटून राहील. बूट उचलून हलवला तरी पडणार नाही. मग खटका लावा: अंगठ्याने जोर देऊन ‘खट्’ असा बसला पाहिजे. अलगद बसला तर सैल आहे. पुढचे काटे बुटाच्या नाकापुढे दोन ते अडीच सेंटिमीटर. तळ आणि क्रॅम्पॉन यांत कुठेही बोट जाईल एवढी फट नको.

बारा नाहीतर दहा काट्यांचे पोलादी घ्या. ॲल्युमिनियमचे फारच हलके आणि मोहात पाडणारे असतात, पण ते फक्त बर्फासाठी; दगडांवर दोन दिवसांत बोथट होतात, आणि आपल्या वाटांवर बर्फ-दगड-बर्फ असंच चालू असतं. खाली बर्फाचा गोळा साचू नये म्हणून लावायची रबरी पाटी असलीच पाहिजे. दुपारच्या ओल्या बर्फात ती नसेल तर दहा पावलांत काटे गोळ्याच्या आत जातात आणि तुम्ही लाडवावर उभे असता.

घरी हातमोजे घालून, दिवा बंद करून क्रॅम्पॉन बांधायचा सराव करा. दोन्ही पाय मिळून पाच मिनिटांत जमले की बास.

रुळवणं

सहा आठवडे हातात ठेवा. पहिला आठवडा घरातच, रोज तासभर, जिन्यासकट. मग तीन-चार किलोमीटर, पाठीवर पाच किलो. येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण यासाठी बरी. शेवटी दोन-तीन वेळा दहा-बारा किलोमीटर, दहा किलोंसह. देवरवाडीच्या वैजनाथकडे किंवा चोर्ल्याच्या बाजूला डोंगरधारेवर जमेल तिथे.

डांबरी रस्त्यावर रुळवू नका. कडक तळाला तिथे फायदा नाही, गुडघे दुखतात, आणि महागाचं रबर झिजतं. पावसाळ्यातही नको. शेवाळलेल्या दगडावर कडक तळ साबणासारखा घसरतो, आणि भिजलेला बूट कणकुंबी-जांबोटीच्या हवेत आठवडाभर वाळत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. मे-जूनच्या मोहिमेसाठी जानेवारीत बूट घरात आला पाहिजे.

चालताना कुठे गरम वाटलं की तिथेच थांबा. ती फोडाची पहिली वर्दी. त्या जागी कापडी चिकटपट्टी लावा आणि घरी जाऊन बघा: शिवण टोचते, मोजा गोळा होतो, की टाच हलते? तीन वेळा त्याच जागी फोड आला तर तो बूट रुळणार नाही.

मोजे: आत पातळ, वर एक मध्यम जाडीचा लोकरी. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि थंडीत तोच ओला मोजा बोटं गारठवतो. थंडी जास्त म्हणून दोन जाड मोजे कोंबणं ही नवख्यांची ठरलेली चूक. बूट घट्ट होतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि पाय आणखी गार पडतात.

बूट कपाटात मरतो

हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाने नीट वाचावं.

बऱ्याच बुटांत तळाच्या रबराच्या वर पॉलियुरेथेनचा मधला थर असतो. धक्के तो झेलतो. हवेतल्या ओलाव्याने या पदार्थाची साखळी हळूहळू तुटत जाते. उष्णता असेल तर आणखी वेगाने. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, आणि एके दिवशी चालता चालता तळ पावासारखा चुरा होऊन सुटतो. साधारण पाच ते आठ वर्षांत हे होऊ शकतं, आणि चार महिने भिंती घामेजणाऱ्या घरात लवकर. वापरातला बूट जास्त टिकतो, ठेवणीतला आधी जातो. तीन वर्षांपूर्वी एकदा घातलेला, मग माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला बूट म्हणजे या रोगाचं घरच.

म्हणून घेताना जिभेच्या आतल्या चिठ्ठीवर बनवल्याची तारीख बघा. ‘जुना स्टॉक, अर्धी किंमत’ याचा अर्थ अर्धं आयुष्य आधीच गेलेलं असू शकतो. मधला थर अंगठ्याने दाबा: भुसभुशीत लागला, बारीक चिरा किंवा पांढुरका रंग दिसला तर नको. काही हलक्या बुटांत या थराला ईव्हीए नावाचं फेसाळ प्लास्टिक असतं. ते असं चुरत नाही, पण दबून चपटं होतं.

ठेवताना वर्तमानपत्राचे बोळे आत घालून, नाड्या सैल, कापडी पिशवीत, घराच्या कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून घरातच अर्धा तास घाला आणि बोळे बदला. बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. उन्हात, चुलीजवळ किंवा हीटरपुढे कधीही नको. चामडं तडकतं आणि तळाचा डिंक सुटतो.

नव्या कोल्हापुरीला तेल पाजायची आपली रीत इथे आणू नका. तेलाने चामडं मऊ पडतं आणि घोट्याचा आधार जातो. बूट बनवणाऱ्याने सांगितलेलं मेण, तेही पातळ, पुरेसं आहे.

तळ सुटलाच तर गल्लीतल्या चांभाराकडे सोल्युशन लावून चिकटवणं चालणार नाही. चुरा झालेल्या थराला काहीच धरत नाही. फक्त खालचं रबर झिजलं असेल आणि मधला थर शाबूत असेल, तरच नवा तळ बसवून घेण्यात अर्थ, आणि तोही कारखान्याच्या पद्धतीने, नाहीतर कडकपणा जातो.

भाड्याचे बूट घेताना हीच नजर ठेवा. मनालीत जुने प्लास्टिकचे दुहेरी बूट अजून मिळतात. प्लास्टिक वय झालं की ठिसूळ होतं आणि थंडीत फुटतं. घोट्याच्या सांध्यापाशी आणि रिबिटांभोवती केसाएवढी चीर आहे का ते उजेडात बघा.

डोंगरावर

तंबूत शिरताना बर्फ झटकून बूट पिशवीत घालून झोपायच्या पिशवीत, निदान उशाशी घ्या. नाड्या पूर्ण उघड्या ठेवा. ओल्या नाड्या बांधलेल्या अवस्थेत गोठल्या तर पहाटे पाय आत जात नाही. तंबूभोवती फिरायला वेगळे फ्लोटर न्या, म्हणजे बुटाला वाळायला चार तास मिळतात.

शिखराच्या रात्री पातळ मोज्यावर साधी पातळ प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर लोकरी मोजा घातला तर घाम लोकरीत जात नाही. पाय चिकचिकतात, पण ऊब राहते. हलक्या बुटात ही युक्ती बरीच कामाची आहे. घोट्याशी गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत बांधायची कापडी आवरणं, हवेतच, नाहीतर वरून बर्फ आत जातो आणि जलरोधक पडद्याला त्यात काही करता येत नाही.

थांबलात की बोटं हलवत राहा. बोटं दुखतायत म्हणजे अजून ठीक. दुखायची थांबली आणि बधिर झाली, तर वाट कितीही सोपी असो, बूट काढून बोटं सोबत्याच्या पोटाशी धरून गरम करायची आणि खाली वळायचं. चोळायचं नाही.

प्रवासात बूट सामानात टाकू नका. गोवा एक्सप्रेसने दिल्लीला जाणार असाल तर पिशवीत नाड्या एकमेकींना बांधून बर्थवर डोक्याशी; विमानाने असाल तर पायात. बॅग हरवली तर जाकीट, मोजे, काटे सगळं मनालीत भाड्याने मिळतं. तुमच्या पायाला रुळलेला बूट मिळत नाही. सोबत पाच-सहा प्लास्टिकच्या झिप-पट्ट्या, दोन मीटर मऊ तार, एक जादा नाडी आणि कापडी चिकटपट्टीची छोटी गुंडाळी ठेवा. तळ अर्धा सुटला तर चवड्याशी आणि कमानीशी दोन पट्ट्या आवळून त्यावर क्रॅम्पॉन चढवता येतो. तेवढ्यावर पायथ्याच्या तंबूपर्यंत उतरता येतं, वर जाता येत नाही.